नशिबाची स्कॉलरशिप, हक्काची स्कॉलरशिप

महाडीबीटीचा फॉर्म भरलात का? उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारशी लिंक केलेलं बँक खातं, आणि मग रोज उघडून बघायचं ते स्टेटस. तुम्ही भरला नसेल तर बाकावर तुमच्या शेजारी बसणाऱ्या कुणीतरी नक्कीच भरलाय. या फॉर्मच्या मागे एक माणूस उभा आहे. त्याचा फोटो तुमच्या कॉलेजच्या ऑफिसात भिंतीवर लावलेला असतो आणि आपण फॉर्म हातात घेऊन त्याच्यासमोरूनच जातो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की आपल्याला संविधान आठवतं, १४ एप्रिल आठवतो, ६ डिसेंबरची चैत्यभूमी आठवते. शाळेपासून निबंध लिहून त्यांचं आयुष्य आपल्याला पाठ झालंय. म्हणून आज तेच आयुष्य जरा वेगळ्या पद्धतीने बघू. वयानुसार. कोणत्या वयात त्यांच्यासमोर कोणतं दार बंद झालं, ते कुणी उघडलं, आणि पुढे मोठं झाल्यावर त्यांनी त्या दाराचं काय केलं, एवढंच बघायचं. विषमता ही एकदाच घडणारी गोष्ट नसते. ती वयाबरोबर साचत जाते. हे समजून घ्यायला बाबासाहेबांच्या चरित्राइतकं चांगलं पुस्तक सापडणार नाही.

गोणपाटावर बसणारा मुलगा

जन्म १४ एप्रिल १८९१, महू इथल्या लष्करी छावणीत. घराणं मूळचं आपल्या कोकणातलं, मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचं. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक. हा तपशील महत्त्वाचा आहे. गावकुसाबाहेरच्या माणसाला अक्षरओळख होणं दुर्मीळ असताना या घरात पुस्तकं होती, कारण लष्करात सैनिकांच्या मुलाबाळांना शिकवायची पद्धत होती. नोकरी संपल्यावर घर चाललं ते पेन्शनवर. म्हणजे शाळा आणि पेन्शन, या दोन व्यवस्थांनी हे घर उभं केलं. पुढे १८९० च्या दशकात लष्कराने महार समाजाची भरतीच बंद केली आणि मागून येणाऱ्यांसाठी ती वाटही मिटली.

भीमराव हे चौदावं अपत्य. त्या चौदांपैकी जगली वाचली ती तीन मुलगे आणि दोन मुली. आई भीमाबाई गेल्या तेव्हा भीम जेमतेम पाच-सहा वर्षांचा होता. पुढे आत्या मीराबाईंनी सांभाळलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये नाव दाखल झालं. हाच दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो.

प्रवेश मिळाला, पण वर्गात बसायला वेगळी जागा. स्वतःचं गोणपाट घरून न्यायचं आणि संध्याकाळी घरी परत आणायचं. नळाला हात लावायचा नाही, शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई आला नसेल तर दिवसभर तहान मारायची. साताऱ्यात केस कापायला न्हावी मिळत नव्हता असं नाही, पण या मुलांचे केस कापायला तयार होत नव्हता. ते काम मोठी बहीण घरी करायची.

१९०१ च्या उन्हाळ्यात भावंडं वडिलांना भेटायला निघाली. वडील तेव्हा गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. मुलं नवे कपडे घालून मसूर स्टेशनवर उतरली. जात कळेपर्यंत स्टेशनमास्तर प्रेमाने बोलत होता, कळल्यावर त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाला दुप्पट भाडं घेऊन तयार झाला, तेही मुलांनी गाडी स्वतः हाकायची या अटीवर. जेवणाचे डबे सोबत होते, पण रात्रभर पाणी कुठेच मिळालं नाही, म्हणून जेवता आलं नाही. बघा, खिशात पैसे होते, अंगावर चांगले कपडे होते, वडिलांना नोकरी होती. तरीही. गरिबी हटली की भेदभाव आपोआप हटतो, असं मानणाऱ्यांनी ही गाडी जरूर आठवावी.

स्कॉलरशिपची मुदत संपते तेव्हा

मग मुंबई. परळच्या चाळीत एक खोली, एल्फिन्स्टन हायस्कूल. संस्कृत शिकायची इच्छा होती, शिकू दिलं नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. पुस्तकांसाठी पैसे कमी पडले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जायचे, त्यांचे दागिने गहाण टाकायचे. भावंडांपैकी हायस्कूलपर्यंत पोचला तो एकटा भीम. या वाक्यावर जरा थांबा. पाचही भावंडांत हुशारी नव्हती असं थोडंच आहे? घराला एकालाच शिकवणं परवडत होतं आणि ते शिक्षण बाकीच्यांच्या वाट्यातून होत होतं. पहिल्या पिढीतून कॉलेजला आलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९०७ मध्ये मॅट्रिक. सत्कार झाला, कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे कॉलेजची फी परवडेना, तेव्हा केळूसकरांनीच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत त्यांना नेलं. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि बीए पूर्ण झालं. १९१३ मध्ये वडील गेले आणि त्याच वर्षी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. १९१५ मध्ये एमए झालं, पीएचडीचा प्रबंध लिहून झाला, १९१६ मध्ये ते लंडनला गेले. तिथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा, दोन्ही एकदम सुरू केलं.

आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं.

करारानुसार बडोद्यात नोकरी होती. पण राहायला खोली मिळेना. नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं. कोलंबियाची पदवी असलेला माणूस सामान घेऊन बागेत बसून मुंबईच्या गाडीची वाट बघत होता. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. विद्यार्थी त्यांच्या तासाला गर्दी करायचे आणि काही सहकारी प्राध्यापक पाण्याच्या एकाच भांड्यावर हरकत घ्यायचे.

लंडनचा राहिलेला अभ्यास पूर्ण करायला १९२० उजाडलं. पगारातली बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज. १९२३ मध्ये डीएससी आणि बॅरिस्टर होऊन ते परतले. तेव्हा त्यांचं वय ३२ होतं. गॅपला टेन्शन म्हणणाऱ्या आपल्या पिढीने हा गॅपही बघावा.

या काळात इकडे रमाबाई तुटपुंज्या पैशांत संसार ओढत होत्या. पाच मुलांपैकी चार दगावली. यशवंत तेवढे जगले. १९३५ मध्ये रमाबाईही गेल्या. जगातल्या नामांकित विद्यापीठांच्या पदव्या घरात होत्या, पण आजारपण आणि बालमृत्यूच्या बाबतीत हे घर इतर चाळकऱ्यांच्याच रांगेत राहिलं.

आता मागे वळून हिशेब करा. लष्कराची शाळा, केळूसकर गुरुजी, सयाजीराव, शाहू महाराज, नवल भथेना. यातलं एक नाव गाळा आणि पुढचं सगळं चरित्र गाळावं लागेल. म्हणजे तितक्याच हुशार आणि तितक्याच तहानलेल्या ज्या मुलांना केळूसकर भेटले नाहीत, त्यांचं काय झालं असेल? बाबासाहेबांचं सगळं सार्वजनिक आयुष्य या एका प्रश्नाचं उत्तर आहे, असं म्हणता येईल. चांगला माणूस भेटण्यावर कुणाचं आयुष्य अवलंबून राहू नये, तिथे कायदा असावा, यासाठी ते झटले.

आपल्या जिल्ह्यातलं तळं

पण कायदा कागदावर असणं आणि हाती लागणं यात किती अंतर असतं, हेही त्यांनीच दाखवलं, आणि ते आपल्याच जिल्ह्यात. पनवेलहून गोवा हायवेने दक्षिणेला निघालात की पेण, माणगाव करत महाड येतं. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं. कागदावर सगळं झालं होतं. प्रत्यक्षात तीन वर्षांत पाण्याला हात लावायची कुणाची हिंमत झाली नव्हती.

२० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे हजारो लोक बाबासाहेबांबरोबर तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर गावात त्यांच्यावर हल्ला झाला. काही महिन्यांत नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला. एका घोटासाठी दहा वर्षं. योजना जाहीर झाली म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्या प्रत्येकाने महाडला एकदा जाऊन यावं.

पाळण्यापासून म्हातारपणापर्यंत

त्याच १९२७ मध्ये ते मुंबई कायदेमंडळाचे नियुक्त सदस्य झाले. मार्चमध्येच त्यांनी शिक्षणाच्या खर्चावर भाषण केलं आणि त्यात एक आकडा मांडला. पहिलीत शंभर मुलं दाखल झाली तर चौथीपर्यंत पोचतात फक्त १८. आज आपण ज्याला ड्रॉपआउट म्हणतो, त्याचा हिशेब त्यांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी सभागृहात मांडला होता. मुलं कोणत्या वयात गळतात आणि ती कुणाची असतात, हे बघायला ते सांगत होते.

पुढच्या वर्षी गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती भत्त्याचं विधेयक आलं. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं ही देशाच्या हिताची गोष्ट आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. मूल जन्मायच्या आधीच त्याची परिस्थिती ठरत असते, आईने शेवटच्या महिन्यात मशीनवर उभं राहायचं की नाही इथून ती सुरू होते, हे त्यांनी ओळखलं होतं. दलित आणि आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या स्टार्ट समितीचेही ते सदस्य होते. त्या समितीने शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहांची शिफारस केली.

मग जमीन. कोकणात खोत होते, म्हणजे सरकार आणि शेतकरी यांच्या मधला मालक. कसायचं कुळाने आणि पिकाचा मोठा वाटा खोताचा. अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून जवळपास सहा वर्षं शेती न कसण्याचा संप केला. बाबासाहेब त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी खोती रद्द करणारं विधेयक मांडलं. ते तेव्हा मंजूर झालं नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. कूळ कायदा हा शब्द तुमच्या आजोबांच्या तोंडी तुम्ही ऐकला असेल. सातबाऱ्यावर नाव असणं म्हणजे काय, हे सिडकोच्या भूसंपादनानंतर पनवेलकरांइतकं कुणाला कळणार?

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले आणि १९४६ पर्यंत त्या खात्यात होते. ही चार वर्षं आपल्या निबंधांत येतच नाहीत. खाणीत काम करणाऱ्या बायकांच्या प्रसूती भत्त्याच्या कायद्यात सुधारणा. कारखान्यात भरपगारी सुट्टी. कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८. बेकारांसाठी रोजगार विनिमय केंद्रं. कामगारांच्या आजारपणाच्या विम्यासाठी प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडून अहवाल तयार झाला आणि त्यातूनच पुढे १९४८ चा ईएसआय कायदा आला. तळोजा एमआयडीसीत तुमच्या घरातलं कुणी कामाला असेल तर त्यांची सॅलरी स्लिप बघा. ईएसआयची जी छोटी कपात दिसते तिचं मूळ त्या काळात आहे.

आणि आपला सुरुवातीचा फॉर्म? १९४२ मध्ये सरकारला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. १९४४ मध्ये केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ज्या मुलाला महिना २५ रुपयांसाठी एका राजाला भेटावं लागलं होतं, त्याने मागच्यांसाठी अर्जाची खिडकी उघडून घेतली. राजा कोण आहे, त्याचा मूड कसा आहे, याच्याशी त्या खिडकीचा संबंध उरला नाही. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, तेव्हा तास सकाळी ठेवले, कारण नोकरी करून शिकणाऱ्या मुलांना दुसरी वेळच नव्हती.

संविधानाचा मसुदा तयार करताना अस्पृश्यता बंद करणारं १७ वं कलम तर आलंच. पण मार्गदर्शक तत्त्वांचा भाग एकदा वयाच्या क्रमाने लावून वाचा. ४२ व्या कलमात प्रसूती साहाय्य, मूळच्या ४५ व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचं शिक्षण, ४१ व्या कलमात काम मिळण्याचा, शिकण्याचा आणि बेकारी, आजारपण, वार्धक्य यांत मदत मिळण्याचा विचार. एका माणसाचं अख्खं आयुष्यच तिथे उभं आहे. अडचण एवढीच की या भागासाठी कोर्टात दाद मागता येत नाही. म्हणूनच चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचा हक्क कायद्यात यायला २००९ साल लागलं.

मुलींना वडिलांच्या मालमत्तेत वाटा आणि घटस्फोटाचा हक्क देणारं हिंदू कोड बिल त्यांनी कायदामंत्री म्हणून लावून धरलं. ते रखडलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५५-५६ मध्ये ते वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने आलं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. मधुमेहाने आणि अनेक दुखण्यांनी शरीर थकलं होतं. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत ते गेले. वय ६५.

आता पनवेलमध्ये

हे सगळं आज का वाचायचं? कारण दारं अजून आहेत. पनवेलच्या बाहेर पडलं की कातकरी वाड्या लागतात. दिवाळीनंतर त्यातली बरीच कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या महिन्यांत पोराची शाळा सुटते. शंभरातले १८ हा आकडा जुना झाला असेल, पण त्यामागचं कारण जुनं झालेलं नाही.

कारखान्यातल्या आणि ऑफिसातल्या बाईला आज कायद्याने २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा आहे. खारघर-कामोठ्याच्या टॉवरमध्ये चार घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींना ती कोण देणार? बाईकवर जेवण पोचवणाऱ्या तुमच्या वर्गमित्राचे आठवड्याचे तास ४८ आहेत की ७०, हे कोण मोजतं? आणि आयुष्यभर कंत्राटी काम केलेला माणूस साठीनंतर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज घेऊन तहसील कचेरीत बसलेला असतो, तेव्हा त्याच्या हयातीत सुटलेली सगळी दारं त्याच्या त्या एका अर्जात गोळा झालेली असतात.

स्कॉलरशिपचंही तसंच. हप्ता उशिरा आला तर ज्याच्या घरी पैसे आहेत त्याला फरक पडत नाही. ज्याच्या घरी नाहीत तो पार्ट टाइम काम धरतो, मग अटेंडन्स जातो, मग वर्ष जातं. साडेअकरा पौंड बंद झाले म्हणून बाबासाहेबांची तीन वर्षं गेली. त्यांच्याकडे परत उभं राहायची जिद्द होती आणि मदतीला माणसंही होती. प्रत्येकाकडे दोन्ही असतीलच असं नाही आणि असायला हवीत अशी अपेक्षा करणंही बरोबर नाही.

म्हणून या वर्षी एक काम करा. तुमचा फॉर्म भरून झाला असेल तर वर्गातल्या आणखी एकीचा भरून द्या. वाडीवरून येणारी, गावाहून येऊन हॉस्टेलवर राहणारी, जिच्या घरी अजून कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही अशी कुणीतरी असेलच. कागद कमी पडत असेल तर कॉलेजच्या समान संधी केंद्रात तिच्याबरोबर जा, अर्ज फेटाळला गेला तर कारण लेखी मागा आणि तारखेची नोंद ठेवा. महाडचं तळंही कागदावर तीन वर्षं खुलंच होतं. पाणी मिळालं ते लोक तिथे चालत गेल्यावर.